मुंबई ते टोरंटो: सेटलमेंटच्या पैशांचा प्रवास आणि त्यातला एकच अवघड घाट

कॅनडाचं पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळालं की सगळे विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे आणि बॅगांच्या वजनावर चर्चा करत बसतात. पैसा कसा न्यायचा यावर ‘बँकेतून पाठवायचा, त्यात काय’ एवढंच उत्तर मिळतं. हे उत्तर महागात पडतं. ‘आउटवर्ड रेमिटन्सवर (परदेशी पाठवलेल्या पैशांवर) शून्य शुल्क’ असं शाखेत ठामपणे सांगितलं जातं आणि ते खरंही असतं, पण तुमचा पैसा शुल्कात जातच नाही, चलनाच्या दरात जातो. त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. पासपोर्ट, पॅन, नेट बँकिंग आणि सहा महिन्यांची स्टेटमेंटं तुमच्याकडे तयार आहेत असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

तिकडे बस्तान बसवण्यापुरते पैसे आहेत हे अर्जात दाखवावं लागतं, तेच सेटलमेंटचे पैसे. रक्कम किती दाखवायची हे तसं सोपं आहे. एक्सप्रेस एन्ट्रीत (कुशल कामगारांसाठीची पीआरची पद्धत) फेडरल स्किल्ड वर्कर आणि ट्रेड्स या दोन प्रकारांना निधी दाखवावा लागतो. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासला लागत नाही. ७ जुलै २०२५ पासूनचे आकडे असे: एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, दोघांना १९,००१, तिघांना २३,३६०, चौघांना २८,३६२. हे दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरताना आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) पानावरचा आकडाच धरा. नवरा पुढे जाणार आणि बायको-मुलं मागाहून येणार असली तरी कुटुंबाची संख्या पूर्णच मोजायची. इथे फसणारे बरेच आहेत. काठोकाठ रक्कम ठेवू नका, रुपया घसरला की तीच एफडी डॉलरमध्ये कमी भरते. फ्लॅटची किंमत, सोनं आणि उसने घेतलेले पैसे यांतलं काहीच चालत नाही. एफडी चालते, पण ती मुदतीआधी मोडता येते हे बँकेच्या पत्रात आलेलं बरं.

पत्र हा पहिला खडा चढ. आयआरसीसीला बँकेच्या लेटरहेडवर हे सगळं हवं असतं: बँकेचा पत्ता, फोन आणि ईमेल, तुमचं नाव, प्रत्येक खात्याचा क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि क्रेडिट कार्ड किंवा कर्जाची थकबाकी. मुंबईतल्या बहुतेक शाखांच्या संगणकातून निघतं ते ‘बॅलन्स सर्टिफिकेट’. त्यात नाव, क्रमांक आणि शिल्लक एवढंच असतं. ‘सिस्टीममध्ये हाच फॉरमॅट आहे’ हे वाक्य ऐकून परत फिरू नका. मजकूर स्वतः टाइप करून न्या, शाखा व्यवस्थापकाला भेटा, महिन्याची पहिली तारीख आणि पेन्शनचे दिवस टाळा. सही, शिक्का, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा चारही हवेत. सरासरी शिल्लक लिहायला बँक तयारच नसेल, तर सहा महिन्यांची शिक्क्याची स्टेटमेंटं जोडा आणि अर्जासोबतच्या खुलाशाच्या पत्रात कारण लिहा. सीएकडचं नेटवर्थ सर्टिफिकेट या पत्राची जागा घेत नाही. त्यावर केलेला खर्च वाया.

सहा महिन्यांत खात्यात एकदम मोठी रक्कम आली असेल, तर तिचा माग कागदावर दिसला पाहिजे. आईवडिलांनी दिले असतील तर गिफ्ट डीड आणि त्यांच्या खात्याचा उतारा, शेअर विकले असतील तर ब्रोकरची नोट. नुसतं ‘घरच्यांनी दिले’ पुरत नाही.

आपल्याकडे बऱ्याच घरांची ठेव सहकारी बँकेत असते, काहींची पतसंस्थेत. पतसंस्थेतली रक्कम या कामासाठी धरूच नका, आधी बँकेत आणा. सहकारी बँकेचं पत्र चालतं, पण परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली अधिकृत डीलर बँक लागते आणि बहुतेक सहकारी बँका त्यात नाहीत. मग शेवटच्या आठवड्यात मोठ्या बँकेत नवं खातं काढून तिथे आरटीजीएस केलं की दुसरी अडचण उभी राहते. परदेशातल्या खात्यात ठेवण्यासाठी रक्कम पाठवायची, तर त्या बँकेत तुमचं खातं किमान वर्षभर जुनं असावं असा नियम आहे. नसेल तर जुन्या बँकेचा वर्षाचा उतारा, आयकर विवरणपत्र असं सगळं मागतात. ज्यांचा अर्ज अजून पूलमध्ये, म्हणजे निवडीच्या यादीत, आहे त्यांनी हे खातं आजच काढावं.

आता घाट. बँकेतला फॉरेक्सचा दर दोन प्रकारचा असतो. सकाळी जाहीर होतो तो कार्ड रेट, आणि ट्रेझरीकडून मागवून घेतात तो डील रेट. काही मागितलं नाही तर कार्ड रेट लागतो. समजा बाजारात कॅनेडियन डॉलर ६४ रुपये आहे आणि बँकेने ६५.९० लावला. २५,००० डॉलरवर हा फरक ४७,५०० रुपये होतो, आणि पावतीवर शुल्काच्या रकान्यात शून्य किंवा हजार रुपये दिसतात. म्हणून काउंटरवर ‘चार्जेस किती’ हा प्रश्न विचारूच नका. ‘टीटी सेलिंग रेट काय, आणि इंटरबँकवर किती पैसे मार्जिन लावताय’ असं विचारा (टीटी सेलिंग म्हणजे परदेशी पाठवायला बँक चलन विकते तो दर, इंटरबँक म्हणजे बँकांचा आपसातला बाजारभाव). प्रश्न पैशांत विचारला की समोरच्याची भाषा बदलते. त्याच वेळी फोनवर बाजारभाव उघडा ठेवा, दुसऱ्या बँकेचा लेखी कोट हातात ठेवा, आणि दर बुक झाल्याचा ईमेल आल्याशिवाय ए२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावर) सही करू नका. १०-१५ लाखांच्या वरच्या रकमेवर घासाघीस होते, आणि ती करायलाच हवी. ज्या शाखेत ‘दर वरून येतो, आमच्या हातात नाही’ एवढंच उत्तर मिळतं, तिथून उठा.

दुसरा छुपा घाव चलनाचा. काही बँका कॅनडासाठीही अमेरिकन डॉलरच पाठवतात. मग रुपयाचा अमेरिकन डॉलर इकडे होतो आणि त्याचा कॅनेडियन डॉलर तिकडची बँक तिच्या दराने करते. दोनदा कातरी लागते. फॉर्मवर चलन सीएडी (कॅनेडियन डॉलर) लिहिलं आहे ना हे डोळ्यांनी पाहा. मधल्या बँकांचे चार्जेस कुणाकडे, हा रकाना ‘ओयूआर’ (सगळे पाठवणाऱ्याकडे) ठेवा. ‘एसएचए’ (दोघांत वाटून) ठेवलं तर मधली बँक तिचा वाटा रकमेतूनच कापते आणि पोचलेली रक्कम भलतीच निघते.

मग टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ आयकर. एका पॅनवर एका आर्थिक वर्षात सगळ्या बँका मिळून १० लाखांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ७ वरून १० लाख झाली. शिक्षण आणि उपचारांचा दर कमी आहे, पण स्थलांतर त्यात बसत नाही. वरच्याच उदाहरणात एकाच्या नावावरून १६,४७,५०० रुपये गेले, तर ६,४७,५०० वर १,२९,५०० रुपये टीसीएस. त्यात चलन बदलण्यावरचा जीएसटी साधारण १,१०७. म्हणजे खात्यात त्या क्षणी १७,७८,००० च्या वर हवेत. तेवढे नसले की बुक केलेला दर रद्द होतो आणि दुपारच्या कट-ऑफनंतर सगळं उद्यावर जातं.

टीसीएस हा जादा कर नाही. तो विवरणपत्रात वळता होतो, पगार चालू असेल तर कंपनीला कळवून टीडीएसमधूनही कमी करून घेता येतो. पण मे महिन्यात निघणाऱ्या माणसाचे सव्वा लाख पुढच्या वर्षीच्या रिफंडपर्यंत अडकतात, आणि टोरंटोतल्या पहिल्या सहा महिन्यांत सव्वा लाख रुपयांची किंमत फार असते. उपाय सरळ आहे: नवरा-बायकोने आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून ८,२३,७५० प्रत्येकी पाठवा. टीसीएस शून्य. जीएसटी दोघांचा मिळून १,६६३ होतो, म्हणजे साडेपाचशे रुपये जास्त, तेवढे देऊन टाका. एकट्याला जायचं असेल तर एक हप्ता ३१ मार्चच्या आत आणि दुसरा १ एप्रिलनंतर. दोघांनी पाठवताना उद्देशाचा कोड नीट निवडा. स्थलांतराचा एस१३०७ आहे. शाखेतला माणूस सवयीने एस००२३, म्हणजे परदेशात खातं उघडण्याचा, लावतो. तो लावला तर कॅनडातल्या खात्यावर दोघांचीही नावं असावी लागतात. तिकडचं खातं सुरुवातीलाच जॉइंट काढा, वाद मिटतो.

फॉर्मवर अडकण्याची शेवटची जागा म्हणजे नाव. आपल्याकडे खात्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं. पासपोर्टवर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला आणि पॅन माहेरच्या नावावर, ही जोडी तर घरोघरी. पॅन आणि पासपोर्ट जुळत नसतील तर ए२ परत येतो. पॅनची दुरुस्ती दोन-तीन महिने आधी उरका. तिकडच्या खात्यासाठी स्विफ्ट कोड, बँकेचा तीन अंकी इन्स्टिट्यूशन नंबर, शाखेचा पाच अंकी ट्रान्झिट नंबर आणि खाते क्रमांक लागतो. कॅनडात आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक) नसतो. इकडच्या फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा दिसला म्हणून काहीतरी भरू नका, फॉरेक्स डेस्ककडून //सीसी, मग शून्य, इन्स्टिट्यूशन आणि ट्रान्झिट असा कोड टाकून घ्या. ट्रान्झिटमध्ये एक अंक चुकला तर पैसे परत येतात, तेही बँकेच्या खरेदी दराने. काही कॅनेडियन बँका निघण्याआधीच खातं उघडू देतात, ती सोय जरूर वापरा. तिथे शाखेत जाऊन पासपोर्ट दाखवेपर्यंत रक्कम काढता येत नाही, एवढंच.

रोख फार नेऊ नका. नोटा ३,००० अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, म्हणजे कॅनेडियन चार हजारांच्या आसपास, आणि भारतीय चलन माणशी २५,००० रुपयांपर्यंत. पहिल्या आठवड्याला हजार-दीड हजार डॉलरच्या नोटा आणि एक फॉरेक्स कार्ड भरपूर झालं. नोटा दादर, फोर्ट किंवा अंधेरीत दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्या. विमानतळावर टर्मिनल दोनच्या काउंटरवर कधीही नाही. स्टेशनबाहेरच्या साध्या मनी चेंजरचा परवाना प्रवासापुरता असतो, सेटलमेंटची रक्कम तो पाठवू शकत नाही. ‘पाठवतो’ म्हणाला तर काढता पाय घ्या. डिमांड ड्राफ्टचा सल्ला अजूनही जुनी मंडळी देतात. नको. कॅनेडियन बँक तो वटेपर्यंत रक्कम रोखून धरते, आणि घरमालक तोवर थांबत नाही.

टोरंटोच्या पिअरसन विमानतळावर उतरल्यावरचा भाग सोपा आहे. नोटा, ड्राफ्ट, चेक मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त असतील तर कस्टम्सला आपणहून सांगायचं आणि ई६७७ फॉर्म भरायचा. त्यावर कर नाही. लपवलं तर जप्ती, आणि सोडवायला २५० ते ५,००० डॉलर दंड. बँकेतून वायरने गेलेल्या रकमेला हा फॉर्म लागत नाही. बँकेचं ताजं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, अधिकारी मागू शकतो.

मुंबई सोडण्याआधीचा क्रम मात्र चुकवू नका. वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची एलआरएसची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची, सोय फक्त निवासी भारतीयांना आहे. कायमचं जायचं म्हणून निघालात की फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) तुम्ही अनिवासी, आणि बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. तिथूनही वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात आणि टीसीएस नाही, पण प्रत्येक वेळी आयकर पोर्टलवरचा फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र, आणि एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस अधिक सेस. म्हणून हवी ती रक्कम निघण्याआधीच पाठवा. रिफंड यायचा असेल तर खातं एनआरओ झाल्यावर आयकर पोर्टलवर पुन्हा प्रमाणित करा.

फ्लॅट विकायचा विचार असेल तर तोही निवासी असतानाच. निवासी विक्रेत्याच्या व्यवहारात ५० लाखांपासून पुढे खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी झालात की दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, वर सरचार्ज आणि सेस. कमी कपातीचा दाखला काढला नसेल तर खरेदीदार तो बहुधा पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट मिळायलाच महिना जातो, तेव्हा व्हिसाची वाट न पाहता सुरुवात करा.

एक कागद मात्र निघतानाच तयार करा. ज्या दिवशी तुम्ही कॅनडाचे रहिवासी होता, त्या दिवशीची शेअर, म्युच्युअल फंड आणि भाड्याने दिलेल्या घराची बाजार किंमत तिकडच्या करासाठी तुमची खरेदी किंमत धरली जाते. एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर अशी मालमत्ता इकडे राहिली, तर दुसऱ्या वर्षापासून टी११३५ (परदेशातल्या मालमत्तेची माहिती देणारा तिकडचा कर फॉर्म) भरावा लागतो, पहिल्या वर्षी नाही. त्या तारखेचं डीमॅट स्टेटमेंट आणि घराचा व्हॅल्युएशन रिपोर्ट पीडीएफ करून स्वतःला ईमेल करून ठेवा.