वारा पाठीवर

दोरीवरचे कपडे काढताना दादाची काळी चड्डी हाती आली. आतून बोटभर जाड गादी शिवलेली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली. "कामून रे, बसायची उशी संगंच नेतूस का काय?"

दादा बँकेतून रिटायर झाला आणि लातूरच्या सायकलवाल्या मंडळींत सामील झाला. आता सप्टेंबरात ही सगळी मंडळी जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठानं जाणार आहेत. अंतर ३०० किलोमीटरच्या वर. सायकली तिथंच भाड्यानं मिळतात. बॅगा गाडीनं पुढच्या मुक्कामी पोचतात, आपल्या दिंडीतल्या ट्रकसारख्या. दादानं मोबाइलवर नकाशा दाखवला. पासाऊला इन आणि इल्झ या दोन नद्या डॅन्यूबला मिळतात. श्ल्योगेनला नदी उलटं वळण घेते, तिथं काठ बदलायचा तर सायकलीसकट नावेत चढायचं. मग मेल्कचा मोठा मठ, मग वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे आणि जर्दाळूची झाडं. तिथंच ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ साली कोंडलं होतं. आईला एवढंच आवडलं.

"आणि बहुतेक लोक पासाऊहूनच निघतात," दादा म्हणाला, "नदीबरोबर उतार मिळतो, आणि तिकडं वारा जास्त करून पश्चिमेचा. म्हणजे पाठीवर." परत यायला रेल्वे.

वारा पाठीवर! माझं पुढचं लक्षच उडालं.

आमचं गाव औशाच्या पूर्वेला, शाळा औशात. मिरग निघायचा, शाळा उघडायची आणि पश्चिमेचा वारा सुटायचा. आषाढात तर सकाळी शाळेला जाताना तो नुसता तोंडावर. पायडल मारावं आणि सायकल जागची हलू नये. मी दांडीच्या खालून पाय घालून कैची मारणारी, माझे हाल विचारू नका. गावातली पोरं एकामागे एक ओळ धरायची, पुढच्याच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून. पुढचा वारा खायचा, मागच्यांचं निभायचं. पुढं कोण जाणार यावरून रोज भांडण, आणि ते पेटलं की दादा काही न बोलता पुढं व्हायचा. मला रस्ताभर दिसायची ती त्याची पाठ, घामानं चिकटलेला शर्ट आणि कॅरिअरच्या चापात मुरगळलेलं दप्तर. पाऊस झालेला असला तर काळी माती मडगार्डात अशी ठासून बसायची की चाक फिरेना. मग सगळे उतरायचे आणि बांधावरून तुराटीची काडी मोडून आणून चिखल उकरत बसायचे. तोवर प्रार्थना होऊन गेलेली.

परतीला मात्र ओळ नाही, काही नाही. वारा मागून ढकलायचा, शर्ट फुगायचे, आणि ज्याचा तो सुटायचा. माझी चेन पडली तरी कुणाला पत्ता नसायचा. दादालासुद्धा.

म्हणून विचारलं, "सगळा रस्ता वारा पाठीवरच असणार, तर ग्रुप कशाला पाहिजे?"

"जेवायला," दादा म्हणाला.

पटलं. तरी मी आपलं सुचवून पाहिलं, बॅटरीची सायकल घे की, तिकडं मिळती म्हणतात. त्याला राग आला. साठीतल्या पुरुषांना कशाचाही राग येतो.

मग फॉर्म भरायला बसला. चष्मा माझा घेतला. उंची विचारली होती, सायकलच्या मापासाठी. ती त्यानं दोन सेंटिमीटर वाढवून लिहिली. जेवणात शाकाहारी. शेवटी एक रकाना होता, काही अडचण आली तर कुणाला कळवायचं. वहिनीचा नंबर त्याला अजून तोंडपाठ आहे, पहिले चार आकडे टाइप करून झाले होते. ते पुसले आणि माझा टाकला.

मला जर्मनमधलं एक अक्षर येत नाही. शिवाय दुपारी मी फोन बंद करून झोपते. आता ते बघावं लागेल.