परसातला चिबड कोपरा आणि जपानी आयरिस

घरामागे एखादा कोपरा असा असतोच, जिथून पावसाचं पाणी दोन-दोन दिवस हटत नाही. न्यू जर्सीतल्या चिकणमातीच्या भागात तर हमखास. लॉन तिथे पिवळं पडतं, गुलाब सडतो. मग कोणीतरी जपानी आयरिसचा फोटो दाखवतं: जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या रांगा आणि पायाशी आरशासारखं पाणी. फोटो खरा असतो, पण तो जूनमधला असतो. जपानी बागांत ते पाणी बहराच्या दिवसांपुरतं सोडतात आणि बहर ओसरला की काढून टाकतात. फोटोवर विसंबून झाड वर्षभर पाण्यात उभं ठेवलं, तर पहिल्याच कडक हिवाळ्यात गड्डा कुजतो.

आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचं तर या झाडाला वसंतापासून फुलं येईपर्यंत जवळजवळ चिखल चालतो, पण थंडीत वाफसाच लागतो. म्हणजे माती ओलसर, पण मुळांना हवा मिळेल अशी. बाकीची सगळी खटपट यासाठीच.

आधी कोणता आयरिस ते ठरवा, कारण ‘ओल आवडणारे’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या स्वभावाची झाडं विकली जातात. जपानी आयरिस म्हणजे आयरिस एन्साटा, जपानीत हानाशोबू. त्याचाच भाऊबंद आयरिस लेव्हिगाटा, म्हणजे काकित्सुबाता, मात्र बारा महिने उथळ पाण्यात सुखाने राहतो. फुलं नसताना दोघं ओळखायचे असतील तर पान चिमटीत धरून बोट वरून खाली फिरवा. एन्साटाच्या पानाच्या मधोमध उठावदार शीर बोटाला लागते. लेव्हिगाटाचं पान सपाट लागतं. नर्सरीत लेबलं अदलाबदल झालेली असली तरी या खुणेवरून फसगत टळते. सैबेरियन आयरिस या दोघांपेक्षा सोशिक. त्याला वसंतात ओल लागते, पण साचलेलं पाणी नको. पिवळा आयरिस स्यूडाकोरस पाण्यातही बेफाम वाढतो आणि तिथेच घोटाळा होतो. अमेरिकेत तो ओढ्याकाठी पसरून स्थानिक झाडं हुसकावतो. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्याच्याऐवजी तिथलाच निळा व्हर्सिकलर लावावा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने 1999 साली हा व्हर्सिकलर आपलं अधिकृत फूल म्हणून निवडला.

नावांवरून आठवलं. जपानीत ‘शोबू’ म्हणजे आपलं वेखंड. पानं तशीच तलवारीसारखी, म्हणून फुलणारं वेखंड ते हानाशोबू. आणि स्यूडाकोरस या लॅटिन नावाचा अर्थच ‘खोटं वेखंड’. पान चुरगळून हुंगलं की फरक कळतो: वेखंडाला वास आहे, आयरिसला नाही. आयरिसचा गड्डा पोटात गेला तर विषारी आहे आणि चीकही कातडीला झोंबतो. त्यामुळे बाळगुटीच्या आठवणीने कोणी तो उगाळू नये, आणि काम करताना हातमोजे घालावेत.

आता जमीन. जपानी आयरिसला चुना अजिबात चालत नाही. सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. घरगुती चाचणी अशी: मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता, फेस आला तर मातीत चुना भरपूर आहे. अशी जमीन गंधक घालून बदलण्याच्या नादी न लागता सरळ कुंडीकडे वळा. फेस आला नाही म्हणजे माती आम्लधर्मी आहे असं मात्र नाही, सामू तपासून घ्यावाच. तो थोडासाच जास्त निघाला तर गंधकाची भुकटी चालते, पण ती लागवडीच्या आधीच्या हंगामात मिसळायची. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, आणि त्यांना ऊब आणि वेळ लागतो.

दिवसाला निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्या. 40 ते 45 सेंटीमीटर खोल खणा. निघालेल्या मातीत तिच्या निम्म्याने पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत मुळांना लागू देऊ नका. भुरभुरीत जमिनीत ओल टिकत नसेल तर खड्डा आणखी थोडा खोल घेऊन तळाशी तळ्याचं प्लास्टिक अंथरा, पण दर मीटरला एक भोक पाडा आणि वर दोन-तीन सेंटीमीटर खडी टाका. भोकं पाडली नाहीत तर तो वाफा न राहता हौद होतो.

दाढीवाल्या (बिअर्डेड) आयरिसचा गड्डा मातीवर उघडा ठेवतात. ती सवय इथे मोडावी लागते. जपानी आयरिसचा गड्डा पाच सेंटीमीटर मातीखाली हवा. दोन झाडांत 45 सेंटीमीटर अंतर. झाडाभोवती उथळ आळं करा आणि पाइनची पानं किंवा सालीचा भुगा पाच ते सात सेंटीमीटर जाड पसरा. कडक थंडी सुरू होण्याआधी मुळं धरायला किमान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. ते मिळाले नाहीत तर गोठण्या-वितळण्यात माती फुगते आणि झाड अलगद वर ढकललं जातं. मार्चमध्ये गड्डा वर आलेला दिसला तर मुळं न दुखवता पुन्हा दाबून बसवा.

हा खादाड आहे, पण पहिल्या हंगामात खत नको. दुसऱ्या वर्षापासून अझेलियाचं आम्लधर्मी खत दोनदा: कोंब हातभर झाल्यावर आणि फुलं संपल्यावर. हाडांचा चुरा आणि लाकडाची राख वर्ज्य, दोन्हींनी सामू चढतो. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. तसं बहुतेक वेळा जमिनीत लोह असतं; सामू वाढल्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड लोहाने, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातल्या लोहाने, पान तात्पुरतं सुधारतं, मूळ कारण मात्र नळाच्या जड पाण्यात असू शकतं. पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच द्या.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात गड्डा पोखरणारी अळी, बोरर, हा मोठा शत्रू. तिची अंडी वाळलेल्या पानांवर हिवाळा काढतात. म्हणून पानं सुकली की बुडाशी कापा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. वसंतात पानावर पाणीदार रेघ दिसली की आत अळी उतरतेय असं समजा आणि तिथल्या तिथे पान चिमटीत दाबा. हरणं मात्र आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत.

तीन-चार वर्षांनी फुलं लहान होतात, आणि नेमकं इथेच बरेचजण खत वाढवतात. त्याऐवजी झाड उपटून पाहा. खाली काळी, स्पंजासारखी जुनी मुळं. त्यांच्या वर पांढरी, टणक नवी मुळं. दर वर्षी नवा थर जुन्यावर चढतो आणि झाड हळूहळू मातीबाहेर येतं. फुलं संपल्यावर लगेच, किंवा उन्हाळा कडक असेल तर शरदाच्या सुरुवातीला, करवतीने गठ्ठा कापा. मधला निर्जीव भाग आणि काळी मुळं फेका. तीन-तीन पंखे, म्हणजे पंख्यासारखे पानांचे झुबके, एकत्र ठेवा, पानं 15 ते 20 सेंटीमीटरवर छाटा. लावेपर्यंत मुळं बादलीतल्या पाण्यात ठेवा, तासभरही सुकू देऊ नका. आणि जुन्या जागी परत लावू नका. त्या मातीत हे झाड रुसतं, तिला किमान तीन वर्षं विसावा द्या. सैबेरियन मात्र वारंवार हलवला तर चिडतो. त्याचा मधला भाग मरून कडं झालं तरच हात लावा.

कुंडीला दुय्यम समजू नका. जपानमधल्या कुमामोतोचे हिगो नावाचे जपानी आयरिसचे वाण कुंडीत लावून घरात बसून बघण्यासाठीच घडवले गेले. दहा-बारा लिटरची कुंडी, चुना नसलेली माती, आणि वसंतात कोंब फुटल्यापासून फुलं संपेपर्यंत पाच सेंटीमीटर पाणी असलेलं टब. फुलं गेली की कुंडी टबातून बाहेर काढा आणि नेहमीसारखं पाणी घाला. माती दर वर्षी किंवा वर्षाआड बदला.

पुण्या-मुंबईत एन्साटावर पैसे घालवू नयेत; त्याला खरी थंडी लागते. तिथल्या नर्सरीत ‘आयरिस’ म्हणून मिळणारं पिवळं झाड बहुधा ट्रिमेझिया असतं, छान असतं, पण आयरिस नव्हे. उष्ण हवेत पाणथळ आयरिसच हवा असेल तर लुइझियाना गट पाहावा. तो मुळात दलदलीतला आणि दमट उकाड्याचा सराईत. त्याचा गड्डा लांब पळतो म्हणून टब रुंद घ्या, आणि गड्डा पालापाचोळ्याने झाकून ठेवा, नाहीतर उन्हाने भाजतो.