एसीवर बर्फ साचला, गॅस गेला कुठे?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. मे महिना, डोंबिवलीतला घामट उकाडा. रात्री दोनला तिची हाक आली, "अगं, अंगावर पाणी पडतंय." दिवा लावला तर एसीतून टपटप पाणी, आणि हवा जवळजवळ नाहीच. पुढचं झाकण उचललं, तर आत कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, बोटभर जाडीचा पांढरा बर्फ.

त्याआधी चार दिवस थंडावा कमी वाटत होता. म्हणून आम्ही तापमान १६ पर्यंत खाली आणलं होतं. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताना आपोआप २४ वर येतात, आमचाही येतो. रोज संध्याकाळी आम्हीच ते खाली ओढत होतो.

बर्फ खरवडायला मी उलथनं घेऊन स्टुलावर चढले होते. मुलाने थांबवलं, ते बरं झालं. त्या बर्फाखाली ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या आणि तांब्याची नळी असते. एक ओरखडा खोल गेला तर सगळी कॉइलच जाते. आम्ही कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, आईचा पलंग सरकवला, खाली परात ठेवली. बर्फ वितळायला अडीच तास लागले. बर्फ असताना कूलिंग चालू ठेवलं तर कॉइलमधला थंडावा देणारा गॅस पूर्ण वायू न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे, म्हणजे तो दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे, परततो आणि कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो, हे मला नंतर समजलं.

सकाळी फिल्टर काढला. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यामुळे जाळीवर सिमेंटच्या धुळीचा थरच बसला होता. खोलीतली हवा कॉइलवरून पुरेशी गेली नाही तर कॉइलला उष्णता मिळत नाही. एरवी पाच-दहा अंशांवर असणारी कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. बर्फ हवा अजून अडवतो, की अजून बर्फ. फिल्टर धुतला, वाळवला, वाटलं सुटलो.

दोन दिवसांनी पुन्हा बर्फ. या वेळी फक्त डाव्या कोपऱ्यात.

मेकॅनिक आला, "गॅस कमी आहे" म्हणाला, वीस मिनिटांत भरला आणि २,८०० रुपये घेऊन गेला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. फोन केला तर उत्तर आलं, "परत भरावा लागेल." आई घामाने भिजून बसली होती, मला खरंच रडू आलं.

मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक काका पाठवले. ते आत आलेच नाहीत, आधी ग्रिलमधल्या आउटडोअरपाशी, म्हणजे एसीच्या बाहेरच्या यंत्रापाशी गेले. तिथून आतल्या कॉइलकडे दोन पाइप जातात, एक बारीक, एक जाड. "ताई, इकडे या. बारीक पाइपावर दव गोठलंय, दिसतंय? जाडा नुसता कोमट आहे. हवा अडली असती तर बर्फ अख्ख्या कॉइलवर पसरला असता आणि जाड पाइपापर्यंत आला असता. बर्फ एका कोपऱ्यात आणि इथे बारीक पाइपावर, म्हणजे गॅस कमी." गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब पडतो, उरलेला गॅस फार कमी तापमानाला उकळतो आणि कॉइलचं सुरुवातीचं तोंड गोठतं.

"पण तीन आठवड्यांपूर्वीच भरला होता!"

"तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही ताई. बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाय."

त्यांनी जोडावरचं नट दाखवलं. त्याभोवती काळपट, तेलकट डाग होता, वर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून तो डाग. साबणाचा फेस लावला. क्षणभर काही नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा आला. पहिल्या माणसाला हे पाहायला पाच मिनिटं लागली नसती, याचा राग मला अजून येतो.

काकांनी उरलेला गॅस काढून घेतला, पाइपाचं तोंड कापून नवं फ्लेअर केलं, म्हणजे नटात घट्ट बसेल असं ते पसरवलं, नायट्रोजन भरून दाब उतरत नाही ना ते पाहिलं, नळ्यांतली हवा काढायला अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला आणि मग यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच आर-३२ गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवायला लावल्या. दुपार त्यातच गेली.

आता दर दुसऱ्या रविवारी फिल्टर धुते, तापमान २५ वर असतं. पाऊस संपल्यावर ग्रिलमधून हात घालून त्या नटाभोवती पांढरा रुमाल फिरवला. धूळ आली, तेल नाही.