थेरविलची माती, निमाडचा कापूस

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: हे अन्न खाऊन माणूस खरोखर अधिक निरोगी राहतो का? पक्के उत्तर अजून हाती आलेले नाही. फ्रान्समधील सुमारे 69 हजार प्रौढांच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेंद्रिय अन्न सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. मात्र 2014 मध्ये ब्रिटनमधील 6 लाखांहून अधिक महिलांच्या अभ्यासात एकूण कर्करोगात तशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय अन्न घेणारी माणसे बहुधा अधिक शिकलेली, अधिक मिळकतीची आणि व्यायाम करणारी असतात, त्यामुळे गुण अन्नाचा की राहणीचा, हे वेगळे काढणे कठीण जाते.

शेतात मात्र दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून पाहता येतात. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळच्या थेरविल गावी 1978 पासून एकाच जमिनीच्या तुकड्यांवर सेंद्रिय आणि रासायनिक शेती सारख्याच फेरपालटीने चालू आहे. पहिल्या 21 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन सरासरी 20 टक्क्यांनी कमी होते, परंतु खते 34 ते 53 टक्के आणि कीडनाशके 97 टक्के कमी लागली होती. गांडुळांचे वजन 1.3 ते 3.2 पट भरले आणि मुळांशी सहजीवनाने राहणारी मायकोरायझा बुरशीही तेथे अधिक होती. गव्हातील घट दहा टक्क्यांच्या आसपास होती, बटाट्यात मात्र ती एक तृतीयांशाहून अधिक होती, कारण पालाश हे अन्नद्रव्य कमी पडले आणि करपा हा रोगही आला. सेंद्रिय शेतीची बाजू घेताना बटाट्याचा हा आकडा गाळला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला अधिक जवळचा प्रयोग मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, कसरावद येथे 2007 मध्ये सुरू झाला. खानदेशाला लागून असलेल्या निमाडच्या या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि गहू ही पिके घेतली गेली. पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत सेंद्रिय पद्धतीत कापूस 29 टक्के आणि गहू 27 टक्के कमी पिकला. पुढच्या फेरीत हा फरक जवळजवळ मिटला. तो मिटला रासायनिक तुकड्यांतील उत्पादन घटल्यामुळे, सेंद्रिय पिकाने झेप घेतली म्हणून नव्हे, आणि दोन फेऱ्यांवरून कायमचा निकाल काढणे घाईचे ठरेल.

सर्व पिकांचा एकत्र हिशेब मांडला तर, खर्च वजा जाता उरणारी रक्कम पहिल्या फेरीत रासायनिक पद्धतीत 29 टक्के जास्त होती आणि दुसऱ्या फेरीत सेंद्रिय पद्धतीत 25 टक्के जास्त. कर्ज काढून पेरणी करणाऱ्या कापूस उत्पादकाने ती पहिली दोन वर्षे कशाच्या आधारावर काढायची, हा प्रश्न मला आहारातील जीवनसत्त्वांच्या चर्चेहून कितीतरी निकडीचा वाटतो.