मावशींच्या पगारासाठी अनुदान शोधताना

आमच्या संस्थेने टीव्ही, टॅब, बाकं, दप्तरं यांतलं काहीही मागितलं असतं, तर बऱ्यापैकी लवकर मिळालं असतं. आम्हाला हवा होता रोज संध्याकाळी मुलांसाठी चूल पेटवणाऱ्या मावशींचा पगार आणि हंगामभराचा किराणा. हे मिळवताना जे कळलं ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्यासारख्या लहान संस्था गावोगाव आहेत आणि त्यांतल्या बहुतेक याच ठिकाणी अडतात.

आमची वाडी बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. दसरा-दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाने दिलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच खर्च झालेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीच्या हिशेबात एक कोयता. काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, जातात आणि त्यांची शाळा सुटते. बाकीची आजी-आजोबांजवळ राहतात. दुपारची खिचडी शाळेत मिळते. संध्याकाळचं काय, हा खरा प्रश्न. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहंही आहेत. पण आमची वाडी हंगामी वसतिगृहांच्या यादीत नव्हती, आणि दुसरी-तिसरीतल्या पोरांना आजीपासून तोडून तालुक्याला कोण पाठवणार? म्हणून आम्ही काही जणींनी संध्याकाळचं जेवण आणि दोन तास अभ्यास सुरू केला. समाजमंदिरात, लोकवर्गणीवर. घरटी पायलीभर बाजरी आणि जमेल तेवढे पैसे.

संस्था आधीपासून नोंदलेली होती. महाराष्ट्रात बहुतेक जण करतात तसंच केलं: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदणी. सात सभासद, घटना, नियमावली, ठराव, जागामालकाचं ना हरकत पत्र. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. घटना लिहिताना ते उद्देशांच्या कलमावर अडून बसले होते. ‘समाजाची सर्वांगीण उन्नती’ असलं मोघम वाक्य त्यांनी राहू दिलं नाही. बालकांचं शिक्षण, बालकांचं पोषण आणि स्थलांतरित कामगारांच्या कुटुंबांचं कल्याण, हे तीन स्पष्ट शब्दांत लिहून घेतलं. त्याचा उपयोग पुढे फार झाला. कंपन्यांना सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेला पैसा कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या विषयांवरच खर्च करता येतो. त्यात भूक आणि कुपोषण दूर करणं, शिक्षण हे विषय आहेत. आपल्या घटनेतला उद्देश आणि अनुसूचीतला विषय शेजारी ठेवून पाहणारा माणूस समोर बसलेला असतो.

कागदांची साखळी ठरलेली आहे. पॅन आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं आधी. मग प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) नोंदणी. नव्याने अर्ज करणाऱ्यांना ती आधी तात्पुरती, ३ वर्षांपर्यंतची मिळते, नंतर नियमित करून घ्यावी लागते. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. त्यानंतर सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणीचा फॉर्म. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कोणतीही कंपनी आपल्याला सीएसआरचं काम देऊ शकत नाही. (आमचं प्राप्तिकराचं सगळं १९६१ च्या कायद्याखाली झालं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, तेव्हा इथले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक सीएंकडून पडताळून घ्या.)

सीएसआरमध्ये एक अट अशी आहे की ती कुणी आधी सांगत नाही. कंपनीने स्वतः काढलेली नसलेली संस्था असेल, तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आज नोंदणी आणि उद्या सीएसआर, असं होत नाही. आमचे हिशेब लहान होते, पण तिन्ही वर्षांचे ऑडिट झालेले होते. कोणी किती बाजरी दिली याचीसुद्धा वही होती. पहिली ३ वर्षं गावावर काढावी लागतात, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी. आणखी एक: विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो. आमच्या एक ज्येष्ठ विश्वस्त वारल्या तेव्हा गुरुजींनी दुःखातही तो अर्ज वेळेत दाखल केला. पुढे कंपनीने धर्मादायची यादी, दर्पणवरची यादी आणि बँकेतल्या सह्या अशा तिन्ही गोष्टी ताडून पाहिल्या.

पैसा कुठे शोधायचा, हा पुढचा भाग. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान ग्रामपंचायतीत ती रक्कम फारशी नसते, पण आम्हाला तिच्यातून पातेली आणि धान्याच्या कोठ्या मिळाल्या. ऊसतोडीच्या मुलांसाठी साखर कारखान्याकडे जावं, हे साहजिकच वाटलं. तिथे समजलं की सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे. सीएसआरची सक्ती कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमातून येते आणि ती सहकारी संस्थांना लागू नाही. खासगी कारखान्यांना ती लागू होऊ शकते. आधीच्या वर्षी नक्त संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली असेल तर मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात.

एका खासगी कारखान्याला आम्ही लिहिलं. उत्तर आलं की आम्ही कारखान्याच्या परिसरातच काम करतो. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं आहे, हे खरं. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की हे प्राधान्य सक्तीचं नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. त्या परिसरातला ऊस ज्या हातांनी तोडला, त्यांची मुलं आमच्या समाजमंदिरात जेवतात. ज्या जिल्ह्यात कारखानदारी नाही तिथे हा पैसा फारसा पोहोचत नाही, आणि जिथून मजूर जातात ते जिल्हे नेमके तेच आहेत. हे मला आजही पटत नाही.

परदेशातल्या गावकऱ्यांची आठवण सगळ्यांनाच होते. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत आहे, त्याने लगेच पैसे पाठवायची तयारी दाखवली. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलेलं. कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी देणगीदार, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय त्याचा एक रुपयाही घेता येत नाही. दुसरा एक जण दुबईत नोकरीला, पासपोर्ट भारताचा. त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, म्हणून ती आम्ही घेतली आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवली. दोघांचंही मन सारखंच होतं. पहिल्याला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण इथे चालढकल करायची नाही.

दलालांबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. सीएसआर-१ झाल्यावर फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, कोटीचा निधी आणून देतो, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा. कुणी म्हणालं, कंपनी तुमच्या खात्यात रक्कम टाकेल, त्यातली ठरलेली रोख परत द्यायची. हे दुसरं म्हणजे सरळ गुन्ह्यात सामील होणं आहे. विश्वस्त म्हणून आपली सही असते. सभेत आम्ही ठरावच केला की टक्केवारीवर कुणालाही काम द्यायचं नाही.

कंपन्या आम्ही स्वतःच शोधल्या. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला हे दिसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प द्यावेच लागतात. ज्यांनी आधी पोषणावर किंवा मराठवाड्यात खर्च केला होता, त्यांनाच पत्रं लिहिली. वस्तू लवकर मिळतात आणि पगार का मिळत नाही, हे कोडं इथेच सुटलं. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो पैसा उरलेला असतो तो पटकन खर्ची घालायचा असतो, आणि पटकन खर्ची पडतात त्या वस्तू. पगार हा महिन्या-महिन्याने होणारा खर्च. त्यामुळे पगार हवा असेल तर मार्चमध्ये दारात उभं राहून उपयोग नाही. सीएसआर समितीचा वार्षिक आराखडा ठरतो तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमाराला, आपला प्रस्ताव तिथे असला पाहिजे. आमचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. जवळपास सगळा एका आर्थिक वर्षात बसतो. प्रस्तावात हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने भेटीला बोलावलं. तिथल्या मॅडमनी प्रस्ताव नीट वाचलेला होता. किराणा ठीक आहे म्हणाल्या, स्वयंपाकाची भांडीही देऊ म्हणाल्या. पगाराच्या ओळीवर पेन थांबलं. “ताई, प्रशासकीय खर्चाला आम्हाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे.”

हे उत्तर बऱ्याच संस्थांना मिळतं आणि बऱ्याच जणी तिथून उठून येतात. आमच्या सीएंनी मला आधीच तयार केलं होतं. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला जो खर्च थेट लागतो तो त्यात मोडत नाही. मी नियमाची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, मावशी आमच्या ऑफिसात बसत नाहीत. मावशी नसतील तर तुम्ही दिलेला तांदूळ पोत्यातच राहील. हा पगार म्हणजेच प्रकल्प आहे.” गुरुजींनी हजेरीची वही उघडून दाखवली. त्यात जेवणाऱ्या मुलांसमोर त्यांच्या शाळेची हजेरीही लिहिलेली होती. मॅडमनी प्रत ठेवून घेतली, त्यांच्या वित्त विभागाला दाखवली. पुढे त्या स्वतः वाडीवर आल्या. मुलांच्या पंगतीत बसून जेवल्या, मावशींना विचारलं की किती वाजता येता, घरी कोण आहे, हात भाजला तर कोण बघतं. हा शेवटचा प्रश्न आमच्या प्रस्तावात नव्हता. मंजुरी आली तेव्हा मावशींच्या आणि त्यांच्या मदतनीस बाईंच्या पगाराबरोबर अपघात विम्याचा हप्ताही त्यात होता.

मंजुरीनंतरचं काम कमी नाही. करार झाला, रक्कम तीन हप्त्यांत. प्रत्येक हप्त्याआधी खर्चाचा तपशील आणि सीएंचं उपयोगिता प्रमाणपत्र. त्या निधीचा हिशेब वेगळा. मुलांचे फोटो द्यायचे का, यावर आमची चर्चा झाली. करारात लिहून घेतलं की चेहरे दिसतील असे फोटो पालकांच्या संमतीशिवाय वापरायचे नाहीत. पालक फडावर असतात, म्हणून ही संमती ते गाव सोडण्याआधीच घ्यावी लागते.

किरकोळ देणगीदारांसाठी ८०जीचं कामही वेळच्या वेळी करावं लागतं. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ते भरल्यावर देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीचा फायदाच नाही. म्हणून करसवलतीचं आमिष दाखवून देणगी मागणं आम्ही सोडलंय. त्याऐवजी आपल्याकडची जुनी रीत वापरतो. अखंड हरिनाम सप्ताहात पंगत घेणारे यजमान आमच्या भागात कमी नाहीत. त्यांना सांगितलं की एका आठवड्याची पंगत मुलांची घ्या. वाढदिवस, वडिलांचं वर्षश्राद्ध, पोराला नोकरी लागली म्हणून, निमित्त कुठलंही. कंपनीचा पैसा थांबला तरी किराणा गावातून उभा राहील, अशी सोय हळूहळू होते आहे. “अनुदान संपल्यावर काय?” असा प्रश्न प्रत्येक भेटीत येतो, तेव्हा या यजमानांची यादी आम्ही पुढे ठेवतो.

रविवारचा दुपारचा घास मात्र अजून सुटलेला नाही. शाळा बंद, म्हणजे खिचडी नाही. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात तो खर्च आणि मावशींची रविवारची वाढीव मजुरी धरली आहे. प्रस्ताव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाईल. त्याच महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागतात, तेव्हा आयांना एकत्र बसवून आकडे एकदा वाचून दाखवायचे आहेत; कोणत्या घरातली किती मुलं येत्या हंगामात मागे राहणार, हे त्यांच्याकडूनच कळतं.