फोटोओळीतलं वानखेडे

परवा रात्री साडेनऊला क्रीडा डेस्कवरून फोन. "मॅडम, वानखेडेचा एखादा जुना ब्लॅक अँड व्हाइट द्या ना, गच्च गर्दीचा." आमचा संदर्भ विभाग आठवतो तो डाक आवृत्तीचं (बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं) पान सुटायला वीस मिनिटं उरली की.

फोटो काढला, स्कॅन करून पाठवला. पाठीवर निळ्या शाईत 'वानखेडे', खाली पेन्सिलीत '73'. पाठवल्यावर तो आकडा टोचू लागला. 73 साली वानखेडे होतंच कुठे? तिथली पहिली कसोटी जानेवारी 1975 ची, वेस्ट इंडिजच्या लॉइडच्या नाबाद 242 धावांवाली.

मग साल चुकलं की जागा? निगेटिव्ह शोधली. बटर पेपरच्या पाकिटातून व्हिनेगरसारखा वास आला, म्हणजे फिल्म कुजायला लागलीय. (एसीचा अर्ज चार वर्षं पडून आहे.) पट्टी लाइट बॉक्सवर ठेवून भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये पांढरे कपडे काळे, चेहऱ्यांवरून काही कळत नाही. पण गर्दीच्या शेजारच्याच चौकटीत एक ताडमाड आकृती एका बुटक्या आकृतीला तान्ह्या बाळासारखी उचलून उभी. इंग्लंडचा टोनी ग्रेग आणि आपला विश्वनाथ! विश्वनाथचं शतक झालं तेव्हा ग्रेगने त्याला जोजवलं होतं. फेब्रुवारी 1973, मुंबईचंच ब्रेबॉर्न स्टेडियम.

धावत खाली गेले. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "ब्रेबॉर्न म्हणजे ते क्लबचं? तिथे टेस्ट व्हायच्या?"

व्हायच्या म्हणजे काय! 1933 ची देशातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, 1937 मध्ये ब्रेबॉर्न उभं राहिलं. पुढे ते चालवणाऱ्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं तिकिटांच्या वाट्यावरून फाटलं, तेव्हा संघटनेच्या शेषराव वानखेडेंनी हाकेच्या अंतरावर साधारण तेरा महिन्यांत दुसरं स्टेडियम बांधून घेतलं. ग्रेगच्या त्या सामन्यानंतर ब्रेबॉर्नला कसोटी मिळाली ती थेट 2009 मध्ये. एवढं ऐकवेपर्यंत डाक आवृत्ती सुटली. शहर आवृत्तीत फोटोओळ बदलली. म्हणजे साताऱ्यात वानखेडे, मुंबईत ब्रेबॉर्न.

त्या मुलाला एक गोष्ट सांगितली नाही. निळी शाई माझीच आहे. 1996 च्या विश्वचषक पुरवणीच्या घाईत, स्टेडियम म्हणजे वानखेडेच असं धरून मी पाकिटंच्या पाकिटं लिहून काढली होती. पेन्सिलीतला आकडा छायाचित्रकाराचा. तो बरोबर होता.

काल त्याच कपाटातली माझ्या अक्षरातली सात पाकिटं उघडली. दोन ब्रेबॉर्नची निघाली. अजून खालचा खण बाकी आहे.