कालवा सोडून केप हॉर्नला का गेलात?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, नात्यातल्या लग्नकार्यांत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडे असतानाही मला विचारला गेलेला प्रश्न असा आहे: ज्याचे सारे आयुष्य पाटबंधारे खात्यात धरणांची दारे आणि कालवे सांभाळण्यात गेले, त्या माणसाने दोन सागरी सहली समोर असताना पनामा कालव्याची सोडून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणारी का निवडली? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, की आम्ही जायचे ठरवले तर यांतली कोणती घ्यावी. उभ्याउभ्या दिलेली उत्तरे दर वेळी अपुरी पडतात, म्हणून तुम्ही विचारलेच आहे तर एकदा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे दोन कागद पडून होते. पहिल्या कागदावरचे जहाज फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथून निघून कोलंबियातील कार्ताहेना करून कालव्यात शिरणार होते आणि पलीकडे पॅसिफिकमध्ये उतरल्यावर कोस्टा रिका, ग्वाटेमाला आणि मेक्सिकोची बंदरे घेत १५ रात्रींनी लॉस एंजेलिसला पोहोचणार होते. दुसरे जहाज ब्युनोस आयरेसहून निघून माँटेव्हिडिओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंड बेटांवरील स्टॅनली, केप हॉर्न, उश्वाया, पुंता अरेनास आणि चिलीच्या खाड्या असे करत १४ रात्रींनी सान अंतोनिओ बंदरात थांबणार होते. विमानखर्च धरून दोन्हींच्या रकमांत फारसा फरक नव्हता. गंमत अशी, की एका कागदावर कोस्टा रिकाचे पुंतारेनास होते आणि दुसऱ्यावर चिलीचे पुंता अरेनास. दोन्ही नावांचा अर्थ वाळूचे टोक असाच आहे, आणि आमच्या साडूंनी बराच वेळ दोन्ही कागद एकाच सहलीचे समजून वाचले.

माझा कल अर्थातच कालव्याकडे होता. त्यातले काम एवढे साधे आहे, की ते आमच्या खात्यातल्या कोणत्याही कालवा निरीक्षकाला पाच मिनिटांत समजावून सांगता येईल. चाग्रेस नदी अडवून गाटून नावाचा तलाव केलेला आहे, तो समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच आहे, आणि जहाजाला एका बाजूने तीन टप्प्यांत, दारे बंद करून पाणी भरता येते अशा पेट्यांमधून तिथवर चढवून दुसऱ्या बाजूने तितक्याच टप्प्यांत उतरवले जाते. पाणी चढवायला पंप नाहीत. झडपा उघडल्या की तलावाचे पाणी केवळ उतारामुळे खालच्या पेटीत येते, आणि पेटी भरेल तसे जहाज वर उचलले जाते. जुन्या पेट्यांतून एक जहाज पार झाले, की सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते, आणि म्हणूनच २०२३ साली पाऊस कमी पडला तेव्हा रोज सोडायच्या जहाजांची संख्या घटवावी लागली. दुष्काळात आवर्तने कमी करण्याचे अप्रिय काम ज्याने केले आहे, त्याला या बातमीत केवळ माहिती नव्हे तर ओळखीची डोकेदुखी दिसते.

त्यामागचा इतिहासही माझ्या आवडीचा आहे. सुएझ कालव्याचे श्रेय ज्यांच्या नावावर होते त्या फर्दिनां द लेसेप्स यांनी १८८१ साली येथे काम सुरू केले ते सुएझसारखा समुद्रसपाटीचाच कालवा खणायचा या हट्टाने. वाळवंटात चाललेली युक्ती डोंगर, चिखल आणि पावसाळ्यात फुगणारी नदी असलेल्या प्रदेशात चालली नाही. पिवळा ताप आणि मलेरिया यांनी सुमारे २२,००० माणसे गेली असा अंदाज आहे, आणि १८८९ साली कंपनी बुडाली. पुढे अमेरिकेने डासांचा बंदोबस्त आधी केला, नदीशी झगडण्याऐवजी तिलाच अडवून तलाव केला, आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. जिच्याशी भांडायचे तिलाच कामाला लावायचे, हा माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग आहे.

हे सारे मी पत्नीला एका रात्री बरेच रंगवून सांगितले. ती ३१ वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, पण यात कालवा नेमका कुठल्या दिवशी आहे?" कालवा पाचव्या दिवशी होता, सकाळी प्रवेश आणि संध्याकाळच्या सुमारास बाहेर, म्हणजे नऊ-दहा तास. मग तिने लाल पेन्सिल घेऊन दोन्ही कागदांवर ज्या दिवशी जहाजाच्या डेकवरून किंवा बंदरावर उतरून आम्हा दोघांना खरोखर काही पाहण्यासारखे असेल त्या दिवसावर खूण केली. पंधरा दिवसांच्या कागदावर चार खुणा झाल्या. उरलेल्यांपैकी आठ दिवस निव्वळ समुद्र होता आणि बाकीचे मेक्सिकोच्या पुळणींचे होते. आम्ही दोघेही मद्य घेत नाही, जुगार खेळत नाही, आणि गुहागरच्या पुळणीवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाने वाळूत पाय बुडवण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडावी हे मलाही पटेना. दुसऱ्या कागदावर नऊ खुणा होत्या.

जाहिरातीतली बंदरांची संख्या मोजू नये, हे मी तेव्हा शिकलो. लांबच्या सागरी सहलीत आपण ज्या एका गोष्टीसाठी जातो ती किती दिवस पुरते, आणि ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी आपण जहाजावर काय करणार, या दोनच गोष्टींचा हिशेब आधी करावा. ज्यांना तरणतलाव, रात्रीचे खेळ आणि दुपारची झोप यांतच सुट्टी वाटते, त्यांच्यासाठी कालव्याची सहल उत्तम आहे, कारण तिथले समुद्राचे दिवस ऊबदार असतात आणि डेकवर बसता येते. दक्षिणेकडे डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा असला तरी वारा असा असतो, की दहा मिनिटांत कानटोपी शोधावी लागते.

पत्नीचा दुसरा मुद्दा मला आधी केवळ शाब्दिक वाटला होता. ती म्हणाली, की कालवा हे उत्तर आहे, आणि प्रश्न न पाहता उत्तर काय पाहायचे? कालवा होण्याआधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर माल न्यायचा तर केप हॉर्नला वळसा घालावा लागे, आणि कालव्याने त्या वाटेतले १२,००० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर वाचवले. त्या अक्षांशांवर पृथ्वीभोवती पश्चिमेचा वारा अडवणारी जमीनच जवळजवळ नाही. तो सारा वारा आणि पाणी केप हॉर्न व अंटार्क्टिका यांमधल्या सुमारे ८०० किलोमीटरच्या फटीतून जाते. शिडाच्या जहाजांना पश्चिमेकडे जायचे तर याच वाऱ्याच्या तोंडावर जावे लागे.

आता प्रत्यक्ष काय घडले ते सांगतो. पहिला फटका स्टॅनलीला बसला. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लहानपणी मुंबईहून निघालेली कोकण बोट आमच्या किनाऱ्यासमोर उभी राहिली की पडावात उतरावे लागे, आणि दर्या खवळलेला असला तर खलाशी लाटेचा अंदाज घेऊन माणसाला अक्षरशः झेलत असत. त्यामुळे कप्तानाने वाऱ्यामुळे उतरणे रद्द केल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले तेव्हा आजूबाजूचे प्रवासी चिडले तरी मला ते वाजवी वाटले. पेंग्विन पाहण्यासाठी भरलेले पैसे परत मिळाले, पेंग्विन मात्र गेले. लाल खुणा आठ उरल्या. स्टॅनली हुकणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, तेव्हा केवळ त्या बेटांसाठी कोणी ही सहल घेऊ नये.

केप हॉर्न मात्र आम्हाला विलक्षण शांत भेटले. ४२५ मीटर उंचीचा तो काळा कडा पहाटे ढगांतून बाहेर आला, आणि कितीतरी वेळ डेकवर कोणी मोठ्याने बोलले नाही. १६१६ साली डच खलाशांनी त्याला आपल्या होर्न या गावाचे नाव दिले. बेटावर चिलीच्या नौदलाचा एक कर्मचारी कुटुंबासह राहतो आणि दीपगृह सांभाळतो. बुडालेल्या खलाशांच्या स्मरणार्थ उभारलेले अल्बट्रॉस पक्ष्याचे शिल्प दुर्बिणीतून टाचणीएवढे दिसले. दुसऱ्या दिवशी उश्वाया सोडल्यावर बीगल खाडीत एकामागून एक हिमनद्या आल्या. त्यांतल्या काहींना इटली, फ्रान्स, हॉलंड अशी देशांची नावे आहेत आणि त्यांचा बर्फ सांडव्यासारखा डोंगरावरून खाली लोंबत असतो. रात्री दहाच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो, त्यामुळे जेवण उरकूनही पुन्हा डेकवर जाता आले.

बोट लागली ती केप हॉर्नला नव्हे, तर नंतर, चिलीच्या खाड्यांचा आडोसा सोडून जहाज गोल्फो दे पेनास येथे उघड्या समुद्रात आले तेव्हा. त्या रात्री आमच्या मजल्यावर चालणारा प्रत्येक जण भिंत धरून चालत होता. पत्नीने आलेपाकाची वडी तोंडात धरून पडून राहणे पसंत केले आणि मी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर केबिन घेतल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी हा भाग गांभीर्याने घ्यावा.

आणि पुंता अरेनास. मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरचे हे गाव माझ्या मते साऱ्या सहलीतले सर्वांत बोलके ठिकाण आहे. वाफेच्या जहाजांना दोन महासागरांमध्ये जाताना येथे थांबावे लागे, त्यात मेंढ्यांच्या लोकरीचा व्यापार वाढला, आणि त्या पैशातून चौकाभोवती युरोपी धाटणीचे वाडे उभे राहिले. त्याच मेंढीकुरणांसाठी तिथल्या मूळच्या सेल्कनाम लोकांची अक्षरशः शिकार झाली, हेही वाडे पाहताना लक्षात ठेवावे लागते. मग १९१४ साल आले आणि जहाजांनी वाट बदलली. धरण झाल्यावर पाण्याखाली जाणारी गावे मी पाहिली आहेत, पुनर्वसनाच्या बैठकींना बसलो आहे. पण हजारो किलोमीटर लांब एक कालवा खणला म्हणून येथले बंदर ओस पडते, हे बुडीत क्षेत्र कोणत्याही नकाशावर दाखवलेले नसते. सहल संपल्यावर आम्ही सान अंतोनिओहून वालपराईसोला दोन दिवस राहिलो, तिथेही हीच गोष्ट. पॅसिफिकवरचे ते एकेकाळचे मोठे बंदर कालव्यानंतर मागे पडले. टेकड्यांवर चढणारे १८८३ पासूनचे दोरखंडाचे लिफ्ट मात्र अजून पाहायला मिळतात. कालवा न पाहताच मी त्याच्याविषयी जे शिकलो, ते तो पाहून मला कळले असते असे वाटत नाही.

आता विचारणाऱ्यांसाठी काही कोरडे तपशील. ब्युनोस आयरेसहून चिलीकडे जाणारी दिशा घेतली तर किनारा आणि हिमनद्या बहुतांशी जहाजाच्या उजव्या बाजूला येतात, तेव्हा बाल्कनी घ्यायचीच असेल तर त्या बाजूची घ्यावी. उलट दिशेच्या सहलीत डावी. कालव्यात बाजूने काही फरक पडत नाही. हे जहाज अर्जेंटिनात तीन वेळा शिरते (ब्युनोस आयरेस, पुएर्तो माद्रिन आणि उश्वाया), कारण मध्ये उरुग्वेचे माँटेव्हिडिओ आणि फॉकलंड येतात, त्यामुळे व्हिसा किती प्रवेशांचा आहे ते पैसे भरण्यापूर्वी पाहावे. फ्लोरिडाच्या सहलीला अमेरिकेचा व्हिसा लागतो हे उघडच आहे. चिलीत उतरताना फळे, बिया आणि दुधाचे पदार्थ यांवर कडक तपासणी असते. पत्नीची शेंगदाण्याची चटणी त्या कारणाने जहाजावरच राहिली, आणि आमच्या टेबलावरच्या गोव्याच्या वाढप्याने ती आनंदाने ठेवून घेतली.

कालवा अजून मी पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या मुलाने नुकतीच दहा दिवसांची एक सहल सुचवली, तिच्यावर ठळक अक्षरांत पनामा कालवा असे लिहिले होते. पण बारीक अक्षरे वाचल्यावर कळले, की ते जहाज गाटूनच्या पेट्या चढून तलावात शिरते, तिथेच वळते आणि त्याच पेट्यांतून कॅरिबियन समुद्रात परत उतरते. अशा अर्ध्या फेऱ्या पुष्कळ असतात, त्या नीट ओळखाव्यात. कालव्यात शिरून पॅसिफिक न पाहता परत यायचे, हे मला मान्य नाही, आणि मी तसे मुलाला कळवलेही. पत्नीचे म्हणणे असे, की तुम्हाला दारेच पाहायची आहेत ना, मग ती जाताना आणि येताना दोनदा दिसतील, आणि मेक्सिकोच्या पुळणीही टळतील. यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.